नाचणीच्या रंगाचें उपरणें

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शेतकऱ्याच्या घरांत लहान पोरासहि पाठ असते. पण मत देण्याचा दिवस उजाडला, कीं ती नेमकी विसरली जाते. उमेदवार आपल्या मुलखाचा आहे, आपल्यासारखे कपडे घालतो, आपल्यासारखें बोलतो, एवढें पाहिलें म्हणजे आमचे भोळे बंधु पुढचा प्रश्न विचारीत नाहींत. दांडा आपल्याच रानांतल्या लांकडाचा आहे खरा. पण घाव कोणावर पडतो आणि तोडलेलें लांकूड कोणाच्या घरीं जातें, हें विचारावयाचें राहून जातें. या भोळेपणाची किंमत एका सबंध देशानें कशी मोजली, ती हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. देश श्रीलंका, पुढारी महिंदा राजपक्षे.

श्रीलंकेच्या दक्षिण टोंकास हंबनटोटा नांवाचा जिल्हा आहे. पाऊस बेताचा, रान बरेंचसें कोरडवाहू. तेथला गरीब कास्तकार झुडपें तोडून जाळी आणि त्या जागेंत नाचणी पेरी. नाचणीस सिंहली लोक कुरक्कन म्हणतात. महिंदा यांचे चुलते डी. एम. राजपक्षे हे १९३६ सालीं या भागांतून कायदेमंडळावर निवडून गेले. त्यांच्या खांद्यावर नाचणीच्या रंगाचें तांबूस उपरणें असे. नाचणी पिकविणाऱ्या गरिबांचा मी वकील आहें, अशी ती खूण होती. ते १९४५ सालीं वारले आणि त्यांच्या जागीं धाकटे बंधु डी. ए. राजपक्षे आले. डी. ए. यांनीं १९५१ सालीं बंदरनायके यांच्याबरोबर सत्ताधारी पक्ष सोडला व नवा पक्ष उभारण्यास हातभार लावला. पुढें कांहीं महिने ते शेती खात्याचे मंत्रीहि होते. घराणें मात्र नाचणीच्या भाकरीवर दिवस काढणारें नव्हतें. महिंदा यांचे आजोबा इंग्रजी अमलांत आपल्याकडच्या पाटलासारखें गांवकीचें सरकारी काम पाहत. घर जमीनजुमला बाळगून होतें. उपरणें नाचणीचें, पण बसण्याचा पाट वाड्यांतला, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच लक्षांत ठेवावी.

तरीहि लोक त्यांच्यामागें कां गेले, हें समजून घेतलें पाहिजे. १९४८ सालीं इंग्रज गेल्यापासून त्या देशाची सत्ता कोलंबोच्या दोनचार बड्या घरांतच फिरत होती. पहिले पंतप्रधान सेनानायके. त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव. मग त्यांच्याच नात्यांतले कोटलावल. या पक्षाचीं इंग्रजी आद्याक्षरें यू. एन. पी.; त्यांचा अर्थ लोक चेष्टेनें 'काका-पुतण्यांचा पक्ष' असा लावीत. दुसऱ्या बाजूस बंदरनायके. १९५९ सालीं त्यांचा खून झाल्यावर पत्नी सिरिमावो, आणि पुढें कन्या चंद्रिका. इंग्रजींत वाढलेल्या या शहरी मंडळींत खेड्यांतला, सिंहली बोलणारा, उपरणेंवाला गडी उभा राहिला, तेव्हां खेडुतांस वाटलें, आतां आपलें राज्य आलें.

एक गोष्ट त्या देशांत आपल्याहून उलटी आहे. सिंहली समाजांत शेती करणारी जी गोयिगम जात, तीच उतरंडींत सर्वांच्या वर मानली जाते. सेनानायके, बंदरनायके, राजपक्षे हीं सारीं घराणीं याच जातीचीं. मग अशा देशांत शेतकरी सुखी असावयास नको होता काय? पण तेथेंहि त्याचें पोट रिकामें आणि पाठ वांकलेलीच राहिली. कारण उघड आहे. गादी जातीची म्हणून सांगतात, पण ती घराण्याची असते. जातीस मान मिळतो, घराण्यास मळा मिळतो.

निंदा करावयाची म्हणून गुण झांकून ठेवावे, हें आमचें काम नव्हे. महिंदा यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९४५ चा. १९७० सालीं, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, ते बापाच्याच बेलिअट्ट मतदारसंघांतून निवडून आले. १९७७ सालीं पडले, वकिली केली, १९८९ सालीं पुन्हां आले. तो काळ फार वाईट होता. खेड्यांतल्या तरुणांनीं बंड केलें होतें. बंडखोरांनीं माणसें मारलीं आणि सरकारनें बंडाच्या नांवाखालीं हजारों पोरें नाहींशीं केलीं. नद्यांतून प्रेतें वाहत होतीं. त्या वेळीं महिंदा हरवलेल्या पोरांच्या आयांच्या बाजूनें उभे राहिले. १९९० सालीं हरवलेल्यांचे कागद घेऊन ते जिनिव्हा येथें संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागावयास निघाले, तर विमानतळावर सरकारनें ते कागद हिसकावून घेतले. हें काम छातीचें होतें. त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

पुढें १९९४ सालीं ते मजूर खात्याचे मंत्री झाले व कामगारांच्या हक्कांची सनद तयार करविली. १९९७ पासून मच्छीमार खातें पाहिलें. २००४ सालीं पंतप्रधान आणि नोव्हेंबर २००५ मध्यें अगदीं थोड्या मतांनीं राष्ट्राध्यक्ष. आल्यावर भातकऱ्यांस खताचें ५० किलोचें पोतें ३५० रुपयांस देण्याची सोय केली. शेतकऱ्यानें दुवा दिला. देणारच. ज्याच्या बांधावर खत पोंचतें, तोच त्या पोत्याची किंमत जाणतो.

मग लढाई. तामिळ वाघांशीं चाललेलें सव्वीस वर्षांचें युद्ध मे २००९ मध्यें संपलें. वाघांनींहि कमी अत्याचार केले नव्हते. बाँब, खून, लहान पोरांच्या हातीं बंदुका, हें सर्व त्यांच्या खातीं आहे. तें संपलें याचा लोकांस आनंद झाला, त्यांत नवल नाहीं. पण शेवटच्या महिन्यांत कोंडींत सांपडलेले तामिळ शेतकरी, मच्छीमार, बायामुलें किती मेलीं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०११ सालीं सांगितलें कीं हा आंकडा ४०,००० पर्यंत असूं शकेल. सरकारनें तो मानला नाहीं. आणि सिंहली फौजेंत लढतां लढतां पडलेले शिपाई कोणाचे होते? कोलंबोच्या बंगल्यांतले नव्हते. ते भातखाचरांच्या गांवचे, गरिबांचे मुलगे होते. मेलीं दोन्हीकडचीं गरिबांचींच पोरें, आणि विजयाचा हार पडला एका घराण्याच्या गळ्यांत. त्याच सालीं देशाची हजार रुपयांची नोट निघाली, तिच्यावर दोन्ही हात उंचावलेले महिंदा. गाण्यांतून त्यांस 'महाराज' म्हणूं लागले. लोकांनीं निवडून दिलेला चाकर महाराज झाला, कीं लोकांनीं समजावें, आपण आतां कुळें झालों.

आतां महाराजांचें घर पाहा. संरक्षण व अर्थ हीं खातीं महाराजांकडेच. भाऊ गोटाबाया पूर्वीं लष्करांत होते, नंतर अमेरिकेंत जाऊन राहिले होते. ते २००५ सालीं येऊन संरक्षण खात्याचे सचिव झाले. भाऊ बेसिल २०१० सालीं आर्थिक विकासाचे मंत्री. थोरले भाऊ चमल त्याच सालीं पार्लमेंटचे सभापति. चिरंजीव नामल खासदार. तिजोरी भावाकडे, तलवार भावाकडे, आणि भावाला जाब विचारावयाचा तर सभेच्या खुर्चीवरहि भाऊच! पेशवाईच्या शेवटीं भाऊबंदकीनें राज्य बुडालें म्हणतात. येथें भाऊबंद भांडले नाहींत, एक झाले, म्हणून बुडालें. या राज्यपद्धतीस आम्ही 'भाऊशाही' असें नांव देतों.

भाऊशाहीस लगाम नको असतो. लढाई जिंकणारे सेनापति फोन्सेका निवडणुकींत विरुद्ध उभे राहिले, ते निकालानंतर फेब्रुवारी २०१० मध्यें तुरुंगांत गेले. सप्टेंबर २०१० मध्यें घटना बदलून दोनच वेळां अध्यक्ष होण्याची मर्यादा काढून टाकली. जानेवारी २०१३ मध्यें सरन्यायाधीश शिराणी बंदरनायके यांस पदावरून घालविलें. संपादक लसंत विक्रमतुंग यांचा ८ जानेवारी २००९ रोजीं भररस्त्यांत खून झाला; प्रगीत एकनलिगोड हे व्यंगचित्रें काढणारे पत्रकार २४ जानेवारी २०१० पासून नाहींसे झाले. माणसें पांढऱ्या गाडींत घालून नेतात, ही दहशत घरोघर बसली. १९९० सालीं ज्यानें हरवलेल्या पोरांचे कागद छातीशीं धरले होते, त्याच्याच अमलांत आया-बायका फोटो हातीं धरून रस्त्यावर बसल्या. असा हा उलटा फेरा!

आणखी एक हिशोब मांडतों, तो कारागीर आणि मजूर वाचकांनीं नीट पाहावा. महिंदा पूर्वीं मजूर मंत्री होते. मे २०११ मध्यें कटुनायके येथें कारखान्यांतले कामगार पेन्शनच्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर आले. पोलिसांनीं गोळ्या घातल्या, एक तरुण मजूर मेला. महिंदा पूर्वीं मच्छीमार मंत्री होते. फेब्रुवारी २०१२ मध्यें चिलाव येथें होडीच्या तेलाचे भाव वाढले म्हणून कोळी बंधु ओरडले. तेथेंहि गोळी, तेथेंहि एक बळी. ऑगस्ट २०१३ मध्यें वेलिवेरिय गांवचे लोक, कारखान्यानें आमचें विहिरीचें पाणी नासलें, आम्हांस चांगलें पाणी द्या, म्हणून जमले. त्यांच्यावर फौज घातली, तिघे मेले. पाणी मागितलें, शिसें मिळालें. ज्या ज्या गरिबाचा वकील म्हणून हा गृहस्थ मोठा झाला, त्या त्या गरिबावर त्याच्या राज्यांत बंदूक चालली. खांद्यावरचें उपरणें मात्र तेंच.

कोणी म्हणेल, त्यांनीं आपल्या मागासलेल्या जिल्ह्याचें भलें तरी केलें. पाहूं या. हंबनटोट्यास चीनच्या कर्जानें मोठें बंदर बांधलें, नोव्हेंबर २०१० मध्यें उघडलें, त्यास महिंदांचें नांव. क्रिकेटचें मैदान, त्यासहि महिंदांचें नांव. मार्च २०१३ मध्यें मत्तल येथें विमानतळ, त्यासहि राजपक्षे नांव. खर्च सुमारें २० कोटि डॉलर, बहुतेक चीनचें कर्ज. पण विमानें येतना. पुढें त्या विमानतळाच्या माल ठेवण्याच्या इमारतींत भाताचीं पोतीं सांठविलीं, आणि धांवपट्टीवरचीं जनावरें हुसकावण्यासाठीं २०१६ सालीं शेंकडों शिपाई लावले. शेतकऱ्यास कोठार पाहिजे होतें. त्यास वीस कोटि डॉलरांचें कोठार मिळालें! बंदराचें उत्पन्न कर्ज फेडण्यास पुरेना. महिंदा पडल्यावर आलेल्या सरकारनें २०१७ सालीं तें ९९ वर्षांच्या करारानें चिनी कंपनीच्या हातीं दिलें, ११२ कोटि डॉलरांस. दोष दोन्ही सरकारांचा. पण सावकाराच्या ओटीवर पहिला अंगठा कोणीं उठविला, हें विसरूं नये. नांव राजपक्षे यांचें, देणें रयतेचें.

२०१५ च्या जानेवारींत महिंदा पडले. तीहि गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मुदतीस जवळजवळ दोन वर्षें बाकी असतां त्यांनीं निवडणूक लावली, ती दरबारी जोशीबुवांच्या मुहूर्तावर. बुवांनीं विजय सांगितला. मतपेटीनें पराभव सांगितला. ग्रहांची कुंडली मांडणारांस रयतेच्या चुलीची कुंडली दिसत नाहीं. ऑक्टोबर २०१८ मध्यें मागील दारानें पंतप्रधानपद मिळविण्याचा खटाटोप झाला, तोहि न्यायालयांपुढें टिकला नाहीं. पण २०१९ च्या ईस्टरला चर्चांत व हॉटेलांत बाँबस्फोट झाले, अडीचशांवर माणसें मेलीं, लोक भेदरले, आणि भेदरलेल्या लोकांनीं पुन्हां तेंच घर गांठलें. नोव्हेंबर २०१९ मध्यें गोटाबाया अध्यक्ष, महिंदा पंतप्रधान. ऑगस्ट २०२० मध्यें २२५ पैकीं १४५ जागा त्यांच्या पक्षाला. चमल मंत्री, नामल मंत्री, चमल यांचे चिरंजीव शशींद्र राज्यमंत्री, आणि जुलै २०२१ पासून बेसिल अर्थमंत्री. काका-पुतण्यांच्या पक्षास हंसणाऱ्यांच्या घरीं काकाहि आले, पुतणेहि आले.

बंधूंनो, आतां खऱ्या मुद्द्यावर येऊं. या घरानें शेतकऱ्याचें काय केलें?

गोटाबाया निवडून आले ते भातकऱ्यांस खत फुकट देऊं, आणि दहा वर्षांत हळूहळू सेंद्रिय शेतीकडे नेऊं, असें सांगून. आल्याबरोबर डिसेंबर २०१९ पासून मोठी करकपात केली. विक्रीवरचा मुख्य कर शेंकडा १५ होता, तो ८ वर आणला. तिजोरी आटली. त्यांत रोगाची साथ आली, परदेशी प्रवासी थांबले, डॉलर संपूं लागले. मग मे २०२१ मध्यें हुकूम निघाला, रासायनिक खत व औषधें देशांत आणावयाचीं नाहींत. दहा वर्षांची वाट एका रात्रींत! पुढाऱ्यांनीं याला निसर्गाचें प्रेम म्हटलें. पण खतावर जाणारे डॉलर वांचवावयाचे होते, हें शेंबड्या पोरासहि कळत होतें.

शेणखत, हिरवळीचें खत यांची महती शेतकऱ्यास कोणी शिकवावी असें नाहीं. पण भुकेलेल्या जमिनीचा कस एका हंगामांत भरून येत नाहीं, आणि एवढें शेणखत आणावयाचें कोठून, हा साधा प्रश्न बंगल्यांत बसलेल्या शहाण्यांस पडला नाहीं. उंटावरून शेळ्या हांकणें म्हणतात तें हेंच. चीनहून एक जहाज सेंद्रिय खत घेऊन निघालें. त्यांत पिकास घातक जंतु सांपडल्यानें तें परत लावलें, आणि तरीहि जानेवारी २०२२ मध्यें त्याचे ७० लाख डॉलरांच्या आंतबाहेर पैसे मोजावे लागले. खत नाहीं तें नाहींच, वर दंड! शेतकरी रस्त्यावर आले, गांवोगांव पुतळे जाळले. नोव्हेंबर २०२१ मध्यें बंदी उठविली, पण पेरणीची वेळ निघून गेली होती. त्या 'महा' हंगामाचें भात आदल्या सालाच्या मानानें तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलें. तांदुळांत स्वयंपूर्ण म्हणवणाऱ्या देशास तांदूळ बाहेरून आणावा लागला. सरकारनें ४,००० कोटि रुपये भरपाई जाहीर केली. पहिल्यानें पीक मारावयाचें, मग मढ्यावर पैसा टाकावयाचा!

ज्या घराण्यानें नाचणीचा रंग तीन पिढ्या मिरविला, ज्यानें ३५० रुपयांस पोतें देऊन मतें घेतलीं, त्याच घराण्यानें शेतकऱ्याच्या हातचें पोतें हिसकावून घेतलें. हुकूम गोटाबायांचा होता हें खरें. पण पंतप्रधानाच्या खुर्चीवर उपरणेंवाले महिंदा बसले होते. शेतकऱ्याच्या बाजूनें उभें राहण्याची तीच वेळ होती. १९९० सालचा महिंदा असता, तर कागद छातीशीं धरून निघाला असता. २०२१ सालचा महिंदा खुर्चीस धरून बसला.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. २०२२ च्या वसंतांत गॅस नाहीं, पेट्रोल नाहीं, औषध नाहीं. दिवसाचे तेरा तेरा तास वीज नाहीं. १२ एप्रिल रोजीं परदेशी कर्ज फेडतां येत नाहीं असें जाहीर केलें. कोलंबोच्या समुद्रकांठीं तरुणांनीं तंबू ठोकले आणि त्या वस्तीस 'गोटा गो गम' म्हणजे 'गोटा, चालता हो' नांवाचें गांव म्हटलें. ९ मे रोजीं महिंदांच्या बंगल्यांतून निघालेल्या त्यांच्या माणसांनीं त्या निःशस्त्र तरुणांवर काठ्या चालविल्या. संध्याकाळपर्यंत देश पेटला, महिंदांनीं राजीनामा दिला, मेदमुलन येथील वडिलोपार्जित घर जाळलें गेलें. महिंदा त्रिंकोमालीच्या आरमारी तळावर जाऊन लपले. १३ जुलैस गोटाबाया देश सोडून पळाले. घरें जाळणें आणि माणसें मारणें याचें आम्ही मुळींच समर्थन करीत नाहीं. त्या दंगलींत एका खासदाराचाहि जीव गेला. पण आग कोठून आली हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. ती उपाशी चुलींतून आली.

महिंदांचे भाट म्हणतात, साथ आली, बाँबस्फोट झाले, त्यास घराणें काय करील? त्यास उत्तर आम्ही देत नाहीं, त्यांच्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें दिलें आहे. १४ नोव्हेंबर २०२३ रोजीं चार विरुद्ध एक मतानें निकाल झाला कीं महिंदा, गोटाबाया, बेसिल व त्यांचे अधिकारी यांनीं लोकांच्या विश्वासाचा भंग केला आणि देशाच्या दिवाळखोरीस ते जबाबदार आहेत. तिघां भावांचीं नांवें एका निकालांत!

दुसरे कांहीं शहाणे म्हणतात, पाहा, खेडवळाच्या हातीं सत्ता दिली कीं असें होतें. राज्य बड्या घरच्या शिकलेल्यांनींच करावें. हा तर त्याहून मोठा लबाडीचा डाव आहे. भाऊशाही पडल्यावर जुलै २०२२ मध्यें अध्यक्ष कोण झालें? जुन्या काका-पुतण्या पक्षाचे रनिल विक्रमसिंघे, माजी अध्यक्ष जयवर्धने यांचे नातलग. आणि तेहि राजपक्षे पक्षाच्याच मतांवर! शहरचें घराणें आणि खेड्याचें घराणें रयतेसमोर भांडतात, आणि अडचण आली कीं एकमेकांस दोर टाकतात. खेड्यांतल्या माणसानें राज्य केलेंच पाहिजे. पण राज्य खेड्यानें करावें, खेड्याच्या नांवावर एका घरानें करूं नये.

सप्टेंबर २०२४ मध्यें तेथल्या लोकांनीं तंबुत्तेगमच्या साध्या घरांतल्या अनुर कुमार दिसानायके यांस अध्यक्ष केलें. महिंदांचे चिरंजीव नामल यांस शेंकडा तीनहि मतें पडलीं नाहींत. नोव्हेंबरांत त्यांच्या पक्षाच्या १४५ जागांच्या ३ झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्यें माजी अध्यक्षांच्या सवलती बंद करणारा कायदा झाला आणि महिंदा कोलंबोचा सरकारी बंगला सोडून दक्षिणेस तंगल्ल येथें परतले. पण नव्या अध्यक्षांसहि आमचें सांगणें तेंच. साधें घर हें पुण्य नव्हे. तुमच्या पक्षाच्या हातांवरहि जुन्या बंडांतलें रक्त आहे. तुम्हांसहि पै-पैचा जाब द्यावा लागेल.

वाचकहो, उपरणें श्रीलंकेंतच विणलें जातें असें नाहीं. उद्यां आपल्या वेशींत कोणी घोंगडें पांघरून, पायतांण काढून, "मी तुमच्यातलाच" म्हणत आला, तर त्यास पाणी द्या, भाकरी द्या, आणि मग चार प्रश्न विचारा. खताच्या पोत्याला काय पडेल? आमच्या मालाला काय भाव येईल? सरकारी कर्ज कोणत्या कामासाठीं काढणार आणि फेडणार कोण? तुझ्या घरांतलीं किती माणसें खुर्चीवर बसणार? पहिल्या तिहींचीं उत्तरें गोड मिळतील. चवथ्याचें उत्तर देतांना जो उपरण्याशीं चाळा करूं लागेल, त्यास खुशाल वाटेस लावा.